तिहुआनाला मी का गेले

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जरा चिडूनच विचारलंस, "आई, तिहुआनाला? रात्री? गाणं ऐकायला?" तुझी मीटिंग सुरू होणार होती, आणि एका वाक्यात उरकण्यासारखं ते नव्हतंच. म्हणून पत्र लिहितेय, आणि मराठीत लिहितेय. रविवारच्या मराठी शाळेत घोकलेली बाराखडी तू विसरला नाहीस हे मला ठाऊक आहे. वेळ लागला तरी शेवटपर्यंत वाच.

आधी काळजीचं. आमच्या सॅन डिएगोला लागून, हद्दीपलीकडे मेक्सिकोत असलेल्या तिहुआनात गुन्हे होतात, खून पडतात, अमेरिकेचं परराष्ट्र खातं तिकडे जाणाऱ्यांना सावध राहायला सांगतं, हे सगळं खरं आहे. मी ते वाचूनच गेले. पण मी एकटी भटकायला गेले नव्हते. त्याच शहरात लहानाची मोठी झालेल्या बाईबरोबर गेले, तिच्या ओळखीच्या टॅक्सीने फिरले, रात्री तिच्या आईच्या घरी झोपले. या रस्त्याने चल, त्या रस्त्याला नको, असं ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले.

आता ती कोण, ते सांगते. तू तिला पाहिलं आहेस. ख्रिसमसच्या जेवणाला आमच्या लॅबची सगळी मंडळी जमली होती तेव्हा कोपऱ्यात बसून हळूहळू जेवत होती ती. रक्ताचे नमुने येतात त्या बाकावर ती माझ्या उजव्या हाताला बसते. हात इतका सफाईदार, की नवीन मुलांना शिकवायचं असलं तर आमच्या साहेबीणबाई त्यांना तिच्या शेजारी उभं करतात. पण मीटिंगमध्ये ती तोंड उघडत नाही. इंग्रजी येतं, तरी दुसरं कुणी बोलेल तर बरं, अशा चेहऱ्याने बसते. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन गाडीत जाऊन झोपते. "लाजाळू आहे," असं सगळे म्हणतात आणि तो विषय तिथेच संपतो.

तिचा जन्म हद्दीच्या अलीकडच्या चुला व्हिस्टाचा, म्हणून पासपोर्ट अमेरिकेचा. वाढली मात्र पलीकडे, राहते पलीकडे. सॅन डिएगोतलं घरभाडं तुला माहीतच आहे. पगार इकडचा आणि भाडं तिकडचं असेल तरच महिना भागतो, अशी हजारो माणसं या दोन शहरांत आहेत. हद्दीवरच्या सॅन इसिद्रोच्या नाक्यातून सरकारी आकड्यांप्रमाणे दिवसाला सरासरी ७०,००० माणसं गाड्यांतून आणि २०,००० माणसं पायी उत्तरेकडे येतात. ती त्या पायी येणाऱ्यांतली. गाडी सॅन इसिद्रोला पार्किंगमध्ये ठेवते आणि हद्द चालत ओलांडते.

एकदा नमुने यंत्रात फिरत होते तेव्हा मी आपली गुणगुणत होते. तुझ्या आजोबांच्या तोंडी असायचा तो अभंग. तिने विचारलं, हे काय? मी सांगितलं, कुडाळजवळच्या आमच्या गावात भजनी मंडळ होतं, माझे बाबा पेटी वाजवायचे, डबलबारी असली की रात्र रात्र दोन बुवांची जुंपायची आणि आम्ही मुलं देवळाच्या सभामंडपात तिथेच झोपून जायचो. तिला ते ऐकून इतका आनंद झाला, की मी बघतच राहिले. फोनवर तिने एक फोटो दाखवला: तिचे आजोबा, मांडीवर अकॉर्डियन. म्हणाली, "शनिवारी ये. तुला दाखवते."

म्हणून गेले बाळा. चार वर्षं शेजारी बसलेल्या माणसाने पहिल्यांदा काही मागितलं होतं.

डाउनटाउनहून ट्रॉलीच्या, म्हणजे शहरातल्या विजेच्या रेल्वेच्या, निळ्या मार्गाने थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत गेले. १९८१ साली ट्रॉली सुरू झाली ती मुळी याच मार्गावर, शहरातून हद्दीपर्यंत. उतरलं की चालत जायचं. तिकडे जाताना रांग जवळजवळ नव्हतीच. मेक्सिकोच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड पाहिलं, शिक्का मारला, झालं. पलीकडे ती उभी होती. लाल शर्ट, बूट, केस मोकळे. लॅबच्या पांढऱ्या कोटाबाहेर मी तिला त्याआधी नीट पाहिलंच नव्हतं.

ही हद्द कशी आखली ते तू शाळेत शिकलास की नाही कोण जाणे. १८४८ च्या तहात ठरलं, की सॅन डिएगोच्या खाडीच्या दक्षिण टोकापासून आणखी एक सागरी लीग, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर, दक्षिणेला जायचं आणि तिथे रेघ मारायची. बंदर अमेरिकेला मिळावं म्हणून. तेव्हा तिथे शहर नव्हतं, गुरांची कुरणं होती. तिहुआना आपला जन्म १८८९ चा मानतं. पुढे १९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली आणि दारू, जुगार, नाच यांसाठी अमेरिकन लोक लोंढ्याने दक्षिणेला येऊ लागले. आवेनिदा रेवोलुसिओन हा तिथला मुख्य रस्ता तेव्हापासून पाहुण्यांसाठी जागतो. आजही तिथे गाढवांना पांढरे-काळे पट्टे रंगवून उभं करतात, पर्यटकांनी शेजारी उभं राहून फोटो काढावा म्हणून. जुन्या कृष्णधवल फोटोंत साधं गाढव उठून दिसत नसे, तेव्हाची ही युक्ती. तुझा तो आवडता गिटारवाला, कार्लोस सांताना, पोरवयात याच रस्त्यावरच्या क्लबांत वाजवायचा. त्याचे वडील मारियाची नावाच्या मेक्सिकन लोकसंगीताच्या मंडळात व्हायोलिन वाजवत.

म्हणजे या रस्त्यावरचं बरंचसं संगीत पाहुण्यांच्या फर्माइशीवर चालत आलं. आम्ही गेलो ते गाणं मात्र पाहुण्यांसाठी नव्हतं. अख्ख्या गर्दीत पाहुणी बहुधा मी एकटीच होते. हाय अलाय नावाच्या, भिंतीवर चेंडू मारायच्या बास्क खेळासाठी बांधलेली मोठी इमारत त्याच रस्त्यावर आहे. १९२६ ला काम सुरू झालं आणि १९४७ ला पुरं झालं. खेळ कधीच थांबला, आता तिथे कार्यक्रम होतात. आजोबा, नातवंडं, नटूनथटून आलेल्या बायका, टोप्या घातलेले पुरुष, सगळं गाव लोटलं होतं. वाद्यवृंद काही जगप्रसिद्ध नव्हता. उत्तर मेक्सिकोच्या या संगीताला नोर्तेन्यो म्हणतात. अकॉर्डियन, बाखो सेक्स्तो म्हणजे जोडजोडीने बारा तारा असलेलं गिटारच्या घराण्यातलं जाड आवाजाचं वाद्य, बास आणि ड्रम.

पहिल्याच गाण्याला माझ्या अंगावर काटा आला, आणि तो का आला हे कळायला मला थोडा वेळ लागला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. अकॉर्डियन आणि पेटी ही सख्खी भावंडं आहेत, बाळा. व्हिएन्नात १८२९ साली अकॉर्डियनचं पेटंट निघालं, पॅरिसमध्ये १८४२ साली हार्मोनियमचं. दोन्हींत हवेच्या झोताने धातूची पट्टी थरथरते आणि सूर निघतो. एक जर्मन आणि चेक वसाहतवाल्यांच्या सामानातून टेक्सासला आणि उत्तर मेक्सिकोत पोचलं आणि पोल्का नावाच्या नाचाचा ठेका घेऊन आलं. दुसरं मिशनऱ्यांबरोबर हिंदुस्थानात आलं, कलकत्त्याच्या कारागिरांनी त्याचे पाय काढून त्याला मांडीएवढं केलं, आणि ते नाटक कंपन्यांतून, भजनांतून आमच्या गावच्या देवळात येऊन बसलं. दोन्ही ठिकाणी ते परकं राहिलं नाही. आणि दोन्ही ठिकाणी शिष्ट लोकांनी नाकं मुरडली. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली, तुझे आजोबा ते आठवून अजूनही चिडतात. नोर्तेन्योलाही शहरी मेक्सिकन माणसं बराच काळ दारूच्या गुत्त्यातलं, खेडवळ गाणं म्हणत.

फरक काय तोही सांगते, कारण मी मान उंच करकरून त्या वादकाच्या बोटांकडेच बघत होते. आपल्या पेटीत भाता कसाही हलवा, पट्टी दाबली की तोच सूर. याच्या बटणांचं तसं नाही. एकच बटण दाबून भाता ओढला तर एक सूर, ढकलला तर दुसरा. म्हणजे डाव्या हाताची ओढ आणि उजव्या हाताची बोटं यांचं सतत ठरलेलं असायला हवं. मधूनच ते लोक वापांगो नावाचा ठेका वाजवतात. सहा मात्रा, आपल्या दादऱ्याएवढ्या. पण जोर घटकेत तीन-तीनवर पडतो, घटकेत दोन-दोन-दोनवर. मी मांडीवर ताल धरला आणि दोनदा चुकला. ती हसली, माझा हात धरून तिने ठेका दाखवला. त्यानंतर नाही चुकला.

आणि ती! लॅबमधली ती गप्प बाई तिथे नव्हतीच. प्रत्येक गाण्याची प्रत्येक ओळ तिला पाठ. दोन कडव्यांच्या मध्ये लोक एक लांब, चढत जाणारी आरोळी देतात, ग्रितो म्हणतात तिला. तिचा ग्रितो असा निघाला की पुढच्या रांगेतली माणसं वळून हसली, एका म्हाताऱ्याने टोपी काढून दाद दिली. मग तिने मला उठवलं आणि नाचायला लावलं. शेजारच्या काकूंनी माझी पर्स सांभाळली. "ही माझ्या कामावरची मैत्रीण, भारतातली, हिचे वडील वाजवतात," असं ती ज्याला-त्याला सांगत होती. स्पॅनिशमध्ये, मोठ्या आवाजात. तू तिचा आवाज ऐकायला हवा होतास.

काही गाणी कोरीदो होती. कोरीदो म्हणजे आपला पोवाडाच समज: घडलेली गोष्ट, माणसाचं नाव, गाव, कधी तारीखसुद्धा, आणि शेवटी गाणारा निरोप घेतो. १९१० च्या क्रांतीच्या बातम्या मेक्सिकोत अशा गाण्यांनी गावोगाव नेल्या. तू म्हणशील, हीच ना ती अमली पदार्थवाल्यांची गाणी? तसलेही कोरीदो आहेत, खूप खपतात, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात तिहुआनाच्या नगरपालिकेने ती जाहीर कार्यक्रमांत गायला बंदी केली. खुन्यांचे पोवाडे गाऊ नयेत असं मलाही वाटतं. पण त्यांच्यासाठी सगळा कोरीदो वाईट ठरवणं बरोबर नाही. ज्यांचं नाव कुठल्याही वर्तमानपत्रात येणार नाही अशा माणसांच्या हकिकती त्यात जपल्या आहेत.

त्या रात्रीचं एक गाणं मात्र तुला सांगायलाच हवं. ते मूळ लोस तिग्रेस देल नोर्ते या मंडळाचं, ऐंशीच्या दशकातलं. सिनालोआ राज्यातले हे भाऊ साठच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात सॅन होजेला आले आणि तिथूनच मोठे झाले. कागदपत्रांशिवाय आलेल्या माणसांची दुःखं त्यांच्याइतकी कुणी गायली नसतील. या गाण्यातला बाप अमेरिकेत कित्येक वर्षं राबला आहे, घरदार झालं आहे, पण पकडतील म्हणून रस्त्यावर पाऊल टाकायची भीती. आणि पोरं त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलत नाहीत. परत जाऊ या का, असं तो मुलाला विचारतो, मुलगा नाही म्हणतो.

हे गाणं सुरू झालं तेव्हा सभागृहातला नाच थांबला. माणसं जागेवर उभी राहून गाऊ लागली. शब्द मला थोडेच कळत होते, तिने कानात सांगितले. ती रडत होती, तो टोपीवाला म्हातारा रडत होता, आणि मीही रडले. आपल्याकडे कागदपत्रं आहेत, आपण विमानाने आलो, विमानाने जाऊ शकतो; त्या माणसाच्या भीतीशी माझी बरोबरी नाही. ती मी करणारही नाही. पण पोराला आपलं बोलणं कळेल ना, ही धास्ती मला ओळखीची आहे. तू शाळेतून येऊन मला इंग्रजीत उत्तर द्यायचास ती वर्षं आठवली. तू दोषी नव्हतास, सात-आठ वर्षांचं पोर काय करणार. आजोबांशी फोनवर बोलायला तूच परत मराठीकडे वळलास, हे मी कधी तुला बोलून दाखवलं नाही. आज दाखवते. त्याचं मला फार अप्रूप आहे.

रात्री तिच्या घरी तिच्या आईने एन्सेनाडाच्या पद्धतीचे माशाचे टाको केले: पिठात बुडवून तळलेला मासा, वर कच्चा कोबी, लिंबू. मालवणी माणसाला आणखी काय हवं. अकॉर्डियनवाले आजोबा भिंतीवर फोटोत होते. ते ब्रासेरो म्हणून कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबले होते. १९४२ ते १९६४ अमेरिकेने मेक्सिकोशी करार करून लाखो मजूर आणवले, पीक काढून झालं की परत पाठवले, त्या योजनेत. अकॉर्डियन त्यांनी त्या मजुरीतून घेतलं. मी ते हातात घेतलं. भाता फाटलेला आहे, पण दोन-तीन सूर अजून लागतात.

सकाळी मला पोचवायला ती नाक्यापर्यंत आली, आणि मी नको नको म्हणत असताना माझ्याबरोबर रांगेत उभी राहिली. उत्तरेकडे येताना रांग असतेच. दीड-दोन तास लागले. चुरोस विकणारी पोरं, गोधड्या विकणाऱ्या बायका, वह्या घेऊन उभी असलेली कॉलेजची मुलं. ती सांगत होती, मंगळवारी रांग जास्त असते, पावसात कशी पुढे सरकत नाही, कोणत्या अधिकाऱ्याला बोललेलं आवडतं, कोणाला नाही. आमची हजेरी सातची. त्यासाठी ती तीनला उठते. पहाटेच्या काळोखात इथे उभी राहते, कामाला येते, संध्याकाळी परत जाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

दुपारी गाडीत का झोपते, मीटिंगमध्ये का बोलत नाही, याचं उत्तर माझ्यासमोर इंचइंच सरकत होतं. लाजाळू नाही रे ती. दमलेली आहे. शिवाय जिथे तिचं गाणं कुणाला ठाऊक नाही तिथे बोलायला तिच्यापाशी फारसं काही उरत नाही. मीही मीटिंगमध्ये गप्प का बसते, ते तूच एकदा मला विचारलं होतंस.

सोमवारी ती आली, कोट चढवला, बाकावर बसली. साहेबीणबाई आल्या तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हटलं, की आमच्या बाकाचं वेळापत्रक हिला विचारून करा, हिला यायला काय लागतं ते ऐकून घ्या. ती आधी घाबरली. मग बोलली. थोडंच, पण बोलली. पुढच्या महिन्यापासून तिची हजेरी नऊची होणार आहे.

तू ऑस्टिनला नवीन आहेस. मागच्या वेळी म्हणालास, "आई, ऑफिसातली माणसं ऑफिसपुरती बरी." तुझ्या वयाला आणि तुझ्या कामाच्या घाईला ते सोपं पडतं हे मला कळतं. पण तुझ्या गटात लारेडोहून आलेला एक मुलगा आहे ना, ज्याच्याविषयी तू नुसतं "तो कमी बोलतो" एवढंच सांगतोस? त्याचं गाव या अकॉर्डियनच्या मुलखातलं आहे. टेक्सासमधल्या या संगीताला कोनहुंतो म्हणतात. नार्सिसो मार्तिनेस या वादकाने १९३० च्या दशकात सान्तियागो आल्मेइदाच्या बाखो सेक्स्तोबरोबर तबकड्या काढल्या आणि त्याला रूप दिलं. शेतमजुरी करून वाजवायचा तो. तुझ्यापासून दीड तासावरच्या सॅन अँटोनिओत १९८२ पासून मे महिन्यात तेहानो कोनहुंतो महोत्सव भरतो. त्या मुलाला विचार, त्याच्या घरी काय ऐकतात. त्याने बोलावलं तर जा. नाही बोलावलं तर तू त्याला आजोबांचं भजन ऐकव, मी रेकॉर्डिंग पाठवते.

थँक्सगिव्हिंगला तू येशील तेव्हा शनिवार मोकळा ठेव. पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही मूळ घेऊन ये, फोनमधला फोटो चालत नाही. चांगले चालायचे बूट आण, परतीच्या रांगेत उभं राहावं लागेल. तिच्या आईने विचारलंय, मुलगा नाचतो का. मी हो म्हणून सांगितलंय.

तुझी,
आई